कोर्टासमोर टायपिंग करते, एलएलबी करू का?

प्रश्न : मी अमळनेरची. वय 37. कोर्टासमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात बारा वर्षांपासून काम करते. प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, मुदतीचे अर्ज, खावटीचे म्हणजे पोटगीचे अर्ज, भाडेकरार, सगळं टाइप करते. नवे वकील कधी कधी मजकूर मलाच विचारतात. बारावी झाले, लग्न झालं, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, 52 टक्के. मुलगी आता नववीत आहे. मला तीन वर्षांचं एलएलबी करायचं आहे. मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, त्यांची हरकत नाही. सासूबाई म्हणतात, ‘आते शिकीसन काय करशी?’ नाशिकच्या एका क्लासने ‘क्लॅट + सीईटी कॉम्बो’ची ऑनलाइन बॅच सांगितली आहे, फी 45 हजार. कायद्याची भीती नाही, रोज तेच टाइप करते. इंग्रजीची आहे. क्लास लावू का? अभ्यास कुठून सुरू करू? या वयात प्रवेश मिळतो का? आणि जळगावच्या कॉलेजातून केलेल्या एलएलबीला किंमत असते का? पुण्याला जाणं मला जमणार नाही.

उत्तर :

ताई,

आधी 45 हजारांचं बोलू, कारण असल्या बॅचच्या फीची ‘शेवटची तारीख’ नेहमी परवाच असते. देऊ नका. तो क्लास कोणता ते मला माहीत नाही, शिकवतही चांगलं असतील. पण तुम्हाला जे विकतायत त्यातला अर्धा माल तुमच्या कामाचा नाही. क्लॅट म्हणजे कायद्याची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, आणि क्लॅट दोन असतात. एक बारावीनंतरची, राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. दुसरी एलएलएमसाठी, म्हणजे एलएलबी झालेल्यांसाठी. तुम्ही बी.ए. करून एलएलबीला जाणार, म्हणजे या दोन्हींत बसत नाही. तुमची परीक्षा एकच, राज्याच्या सीईटी सेलची तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी.

आणि या दोन परीक्षांचा अभ्यासही सारखा नाही. क्लॅट पूर्ण इंग्रजीत, साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे वाचून उत्तरं द्यायची, चुकलं की पाव गुण जातो. तुमच्या सीईटीत बहुतेक प्रश्न छोटे आणि सुटे, इंग्रजीचा विभाग सोडला तर बाकी सगळं मराठीतही, आणि चुकीच्या उत्तराला काहीच कापत नाहीत. दोघांना एका बॅचमध्ये बसवणं क्लासला परवडतं. त्यात अठरा वर्षांच्या पोरांसाठी घेतलेले तास तुम्ही रात्री जेवणं आवरून, पेंगत, कानाला हेडफोन लावून ऐकणार. कशासाठी?

वयाचं उत्तर एका ओळीत आहे: कमाल वयाची अट नाही. पदवीला खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, महाराष्ट्रातल्या ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी उमेदवारांना 42 आणि एससी-एसटींना 40 लागतात. तुमचे 52 कुठेही चालतात. मुक्त विद्यापीठाच्या पदवीवरून कोणीतरी तुम्हाला घाबरवणार हे नक्की, म्हणून तेही सांगून टाकते. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत अडचण आहे ती बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांची. तुम्ही बारावी करून मग पदवी घेतलीत, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. बारावीची मार्कशीट तेवढी कपाटातून काढून ठेवा.

आता पेपर. 120 प्रश्न, 120 गुण, दोन तास, संगणकावर. पूर्वी 150 प्रश्न असायचे, त्यामुळे जुनं गाईड घेतलंत तर त्यात तो साचा दिसेल. सध्याची वाटणी अशी: कायदेविषयक कल आणि तर्क 24 प्रश्न, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी 32, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमता 24, इंग्रजी 40. पुन्हा एकदा वाचा. ज्या कायद्याची तुम्हाला भीती नाही, तो पेपरचा पाचवा हिस्सा. ज्या इंग्रजीची आहे, ते तिसरा हिस्सा. कायद्यात 24 पैकी 24 आणलेत तरी 96 प्रश्न उरतात.

कोर्टाच्या आवारात वावरणारी माणसं, वकिलांचे कारकून, टायपिस्ट, अर्ज लिहिणारे, या परीक्षेला बसायचं ठरवतात तेव्हा हमखास उलटं करतात. दिवसभर दमून घरी गेल्यावर जे येतं तेच वाचायला बरं वाटतं. कलमं पाठ होत जातात, अभ्यास झाल्यासारखा वाटतो, आणि इंग्रजीचं पुस्तक ‘उद्यापासून’. तुमच्या पत्रातही ‘कायद्याची भीती नाही’ हे वाक्य जरा जास्तच ठासून आलंय. माझा सल्ला सरळ आहे. पहिले दोन महिने कायद्याचं पुस्तक उघडूच नका. रोजचा मिळेल तो वेळ इंग्रजीला द्या.

इंग्रजीत विचारतात काय? समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द, गाळलेल्या जागा, वाक्यातली चूक ओळखा, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, एखादा उतारा. बोलायचं नाही, लिहायचं नाही, तुमचा उच्चार ऐकायला समोर कोणी बसलेलं नाही. चार पर्यायांतला एक निवडायचा. तुम्हाला चारचौघांत जे इंग्रजी बोलायची लाज वाटते, ते इथे कोणी विचारत नाही.

चूक ओळखायच्या प्रश्नांत तेच ते सापळे फिरून येतात. उदाहरण तुमच्याच आवारातलं घेऊ. ‘वन ऑफ द विटनेसेस’ याच्यापुढे ‘वॉज अ‍ॅब्सेंट’ येईल की ‘वेअर अ‍ॅब्सेंट’? ‘विटनेसेस’ हे अनेकवचन अगदी नाकासमोर असतं, म्हणून हात ‘वेअर’कडे जातो. पण गैरहजर कोण राहिलं? साक्षीदारांपैकी एक. क्रियापद त्या ‘वन’चं, म्हणून ‘वॉज’. परीक्षेत ‘वन ऑफ द’ आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम आणखी सात-आठ शब्द कोंबतात, म्हणजे कर्ता विसरायला होतो. तेव्हा बोट ठेवून कर्ता शोधायचा, मधलं सगळं झाकायचं आणि मग क्रियापद बघायचं. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’नंतर ‘दॅन’ नाही, ‘टू’. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘नो सूनर’ दिसलं की पुढे ‘दॅन’ शोधायचं, ‘हार्डली’ दिसलं की ‘व्हेन’. असे तीस-चाळीस नियम झाले की या प्रकारातले बरेचसे प्रश्न हाताखालून जातात. ते शाळेच्याच व्याकरणात आहेत. मुलीचं नववीचं व्याकरणाचं पुस्तक घरात असेलच, तिथूनच सुरुवात करा. रोज एक नियम, त्यावरचे दहा-पंधरा प्रश्न, आणि चुकलेलं वाक्य एका वहीत बरोबर करून लिहायचं. वही चुकांचीच ठेवायची. बरोबर आलेलं लिहून पानं भरू नका.

शब्दसंग्रहाचं मात्र असं पटकन होत नाही. तुम्हाला ‘सॉलेम्नली अफर्म’ येतं, ‘डिपोनंट’ येतं, ‘हेअरिनआफ्टर’ तर डोळे मिटून टाइप होत असेल. ते परीक्षेत फारसं उपयोगी पडणार नाही. तिथे ‘रिलक्टंट’, ‘कँडिड’, ‘स्कँटी’, ‘ऑब्स्टिनेट’ असे रोजच्या इंग्रजी पेपरातले शब्द असतात. म्हणून पेपरच वाचा. दुकानात येत असेल तर तो, नाहीतर मोबाइलवर. रोज एकच बातमी किंवा अर्धा अग्रलेख, पण दोनदा. पहिल्यांदा अर्थ न बघता शेवटपर्यंत, अडलेल्या शब्दांखाली नुसती रेघ. दुसऱ्यांदा अर्थ बघून. रोज चार-पाच शब्द वहीत गेले तरी सीईटीपर्यंत पुष्कळ होतात. आणि एक सांगून ठेवते: सरावासाठी म्हणून दुकानात टाइपिंगला आलेली इंग्रजी कागदपत्रं घरी नेऊ नका. लोकांच्या भानगडी असतात त्यात. वकील व्हायचं असेल तर ही सवय आधीपासून हवी.

दोन महिन्यांनी कायदा. इथे तुम्हाला अभ्यास कमी करावा लागेल आणि विसरावं जास्त लागेल. या विभागात बऱ्याच प्रश्नांत आधी एक तत्त्व देतात, मग एक घटना, आणि त्या तत्त्वावरून उत्तर काढायचं असतं. समजा तत्त्व असं आहे: जो आपल्या जमिनीवर निसटली तर नुकसान करील अशी वस्तू आणून साठवतो, तो तिने बाहेर पडून केलेल्या नुकसानीला जबाबदार असतो, त्याने कितीही काळजी घेतलेली असो. घटना: चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने नावाजलेला ठेकेदार लावून मोठं शेततळं बांधलं. पाऊस नेहमीसारखाच झाला. एका रात्री बांध फुटला आणि शेजाऱ्याची केळीची बाग आडवी झाली. शेतकरी म्हणतो, मी काहीच हयगय केली नाही. भरपाई द्यावी लागेल का?

तुमच्या डोक्यात लगेच चक्र सुरू होईल. पंचनामा झाला का, तलाठ्याचा अहवाल काय म्हणतो, ठेकेदाराला सामनेवाला केलं का, कोर्ट फी स्टॅम्प कितीचा. यातलं प्रश्नात काहीही नाही. तत्त्वात ‘कितीही काळजी घेतलेली असो’ असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे शेतकरी जबाबदार, विषय संपला. ‘ठेकेदार जबाबदार’ आणि ‘काळजी घेतल्यामुळे सुटका’ हे दोन पर्याय खाली ठेवलेले असतात ते तुमच्यासारख्या माहितगारांसाठीच. इंग्लंडमधला 1868 चा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला जवळजवळ असाच होता. तिथे साठवलेलं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं. आता याच प्रश्नात दोन शब्द बदला. तत्त्वात ‘दैवी आपत्ती सोडून’ घाला आणि घटनेत ‘शंभर वर्षांत झाली नव्हती अशी अतिवृष्टी’. उत्तर फिरलं. आणि शेततळ्याच्या जागी विषारी वायूचा कारखाना आला तर एम. सी. मेहता प्रकरण आठवायचं. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने असल्या घातक उद्योगांना ही दैवी आपत्तीची पळवाटही ठेवली नाही. पन्नासेक प्रश्न असे सोडवा, तत्त्वाला सोडून उत्तर दिलं की स्वतःच्या लक्षात येतं.

याच विभागात सरळ माहितीचेही प्रश्न असतात, आणि त्यात जुनी गाईडं दगा देतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, हे तुम्ही टाइप करतच असाल. पण बारा वर्षांची बोटं जुन्या आकड्यांवर बसलेली असतात. खून 302 नाही, 103. फसवणूक 420 नाही, 318. खावटीचा अर्ज 125 खाली नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 खाली. चेक न वटल्याचं 138 मात्र आहे तिथेच, कारण तो 1881 चा वेगळाच कायदा. पुस्तक घेताना पहिल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष बघा. 2024 च्या आधीचं असेल तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

संविधानाची मराठी प्रत घ्या. सगळं वाचायचं नाही. भाग तीन, म्हणजे अनुच्छेद 12 ते 35, नीट. 32 खाली सर्वोच्च न्यायालयात जातात आणि 226 खाली उच्च न्यायालयात, आणि 226 ची व्याप्ती मोठी का, हे कळलं पाहिजे. पाच प्राधिलेख, म्हणजे रिट, कुठला कशासाठी, हे मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला आणि 300-क मध्ये गेला. मूलभूत कर्तव्यं 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आली, अकरावं 2002 मध्ये. या असल्या गोष्टी वर्षानुवर्षं विचारल्या जातात.

सामान्य ज्ञानाच्या 32 प्रश्नांना अंत नाही, म्हणून त्याला मर्यादा घाला. परीक्षेआधीच्या वर्षभरातल्या घडामोडी, पुरस्कार, नियुक्त्या, महत्त्वाचे न्यायालयीन निकाल, आणि जोडीला शालेय पातळीचा इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था. आठवड्यातून दोन दिवस पुरे. गावातल्या गोष्टी लक्षात राहतात, त्यांना पुढचं बांधत जा. 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2024 मध्ये अमळनेरलाच झालं, मांडव तुम्ही पाहिला असेल. 98 वं दिल्लीला, अध्यक्ष तारा भवाळकर. मधल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एका धाग्यात तीन उत्तरं झाली.

तर्कक्षमतेसाठी मुलीला बरोबर घ्या. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. ती बसली असेल तर पुस्तक घरातच पडलेलं असणार. मालिका, नातेसंबंध, दिशा, बैठकव्यवस्था, सांकेतिक भाषा, हाच मसाला, जरा तिखट. रविवारी दोघींनी घड्याळ लावून सोडवा. ती जिंकेल, जिंकू द्या.

वेळेचं गणित आपल्याकडे अवघड होतं ते उन्हाळ्यात. ही सीईटी 2024 मध्ये मार्चमध्ये झाली आणि 2025 मध्ये 2 आणि 3 मेला. त्या वर्षी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती 30 एप्रिलला. म्हणजे घरात नणंदा आलेल्या, पुरणपोळ्यांचा घाट, त्याच्या आधी महिनाभर गच्चीवर पापड-कुरडया, मधे चार लग्नं, आणि बाहेर 43-44 अंश. या दिवसांत नवीन काही शिकून होत नाही. तेव्हा तारीख कुठलीही लागो, आपला अभ्यास फेब्रुवारीअखेर संपवायचा असं धरून चाला. त्यानंतर फक्त वेळ लावून पूर्ण पेपर. कोर्टाला दिवाळीची आणि नाताळची सुट्टी लागते तेव्हा दुकान थंड असतं, तुमचे सलग तास तिथे आहेत. एरवी सकाळी स्वयंपाकाच्या आधीचा एक तास आणि दुपारी गिऱ्हाईक नसतानाचा अर्धा, एवढ्यात भागवायचं. यापेक्षा मोठं वेळापत्रक आखू नका, आठवड्यात मोडतं.

पेपरात 120 पैकी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, गुण कापत नाहीत ना. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि जे उरलंय तिथे काहीतरी टिचकी मारायची. संगणकावर परीक्षा म्हणून लोक बिचकतात. तो प्रश्न तुमच्यापुढे नाही.

यापुढचं नीट वाचा, कारण चांगले गुण मिळालेली माणसंही इथे गळतात. सीईटी दिली म्हणजे प्रवेशासाठी अर्ज केला असं होत नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, वेगळी नोंदणी असते. कागदपत्रं चढवायची, पडताळणी, मग कॉलेजांचे पसंतीक्रम, मग फेऱ्या. प्रत्येक टप्प्याला तारीख. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची सूचना आठवड्यातून दोनदा स्वतः बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यावर विसंबू नका.

आणि नावाचं काय केलंय? दहावी-बारावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बी.ए.वर बहुधा तिसरंच काहीतरी. लोकांचे राजपत्राचे अर्ज तुम्ही भरून देता, स्वतःचा अजून राहिलेला असणार. तो आत्ता करा, नाहीतर निदान विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवा. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने लागतो, त्याची पडताळणी व्हायला वेळ जातो, आणि ओबीसी वगैरेंना नॉन-क्रीमीलेअर त्या वर्षी चालू असलेलं लागतं. ही कामं परीक्षेच्या महिन्यात काढली तर दोन्हीकडून हाल होतील.

कॅपमधूनच जा असं मी म्हणते याला फीचंही कारण आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. एससी-एसटींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. तुम्ही कशात बसता आणि कागद कोणते लागतील, ते पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. 45 हजार क्लासला देण्याआधी ही माहिती तुम्हाला कोणी दिली नसेल.

जळगावच्या कॉलेजची किंमत विचारलीत. उज्ज्वल निकम शिकले जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयात. प्रतिभाताई पाटलांनी कायद्याची पदवी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून घेतली आणि वकिली केली ती जळगावच्या कोर्टात. वकिलीची सनद दोघांची सारखीच. पुण्या-मुंबईच्या जुन्या कॉलेजांत ओळखी होतात, मोठ्या फर्मच्या नोकऱ्या तिथून मिळतात, हे खरं आहे. तुम्हाला अमळनेरच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर त्याने फरक पडत नाही. अमळनेरहून जळगाव रेल्वेने रोज करण्यासारखं आहे, कितीतरी नोकरदार करतात. धुळे आणि नंदुरबारलाही विधी महाविद्यालयं आहेत, पण तुम्हाला सोयीचं जळगाव.

खरी अडचण वेगळी आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. एलएलबी घरबसल्या होत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत 70 टक्के हजेरी आहे. ‘नाव घाला, परीक्षेला या’ असं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मग दुकानाचं काय? पूर्ण दिवसाची नोकरी आणि रोजचं जळगाव एकत्र चालणार नाही. तासांच्या वेळा कॉलेजात विचारा आणि मालकांशी अर्ध्या दिवसाचं बोलून घ्या. प्रतिज्ञापत्रांची गर्दी सकाळी असेल आणि तुमचे तासही सकाळी असतील, तर पगार निम्म्यावर येईल आणि तीन वर्षं मिस्टरांच्या पगारावर घर चालवावं लागेल. त्यांची ‘हरकत नाही’ ती हा आकडा ऐकूनही नाही ना, एवढं एकदा विचारा.

सासूबाईंचा प्रश्न मला तरी टोमणा वाटला नाही. शिकून काय करणार, हे कोणीतरी विचारायलाच हवं होतं. तर त्यांना असं सांगा. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तर 41 व्या वर्षी पदवी, मग महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीशाच्या परीक्षेला वयोमर्यादा असते, ते डोक्यातून काढून टाका. पहिली दोन-तीन वर्षं एखाद्या वरिष्ठांकडे, कमाई कदाचित आताच्या पगाराहूनही कमी. त्यानंतर खावटी, वारसा, वाटणीची कामं; त्यांचे अर्ज तुम्ही टाइप करताच, ते स्वतःच्या सहीने दाखल कराल. आणि नोटरी व्हायला वकिलीची दहा वर्षं लागतात, पण महिला वकिलाला सातच. म्हणजे 48-49 व्या वर्षी तुम्ही नोटरीसाठी अर्ज करू शकता. तुमच्या दुकानातून दिवसाला किती प्रतिज्ञापत्रं नोटरीकडे सहीला जातात, हे सासूबाईंना माहीत नसेल. तो आकडा सांगा आणि हिशेब त्यांनाच करू द्या.